वसंतातली डागडुजी, छतावरचा डाग आणि घर विकायचा विचार

ओसरी
लोकहो, नमस्कार.
थंडी सरली, खिडक्या उघडल्या आणि वर्षभर ज्याच्याकडे काणाडोळा केला ते सगळं लख्ख उजेडात समोर आलंय. घर वीस वर्षांचं, वर आमचीच गच्ची. आतल्या खोलीच्या छतावर परातीएवढा तपकिरी डाग. न्हाणीघरातल्या तीन फरश्या ठोकल्या की बद्द वाजतात. मागच्या दाराची चौकट खालून भुसभुशीत झालीये. बाहेरच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलीये. रंगाबद्दल तर बोलायलाच नको.

त्यात शेजारच्या गल्लीत दोन घरं पटापट विकली गेली. आम्हीही वर्षा-दोन वर्षांत लहान घरात जायच्या विचारात आहोत. ओळखीचे एक दलाल येऊन पाहून गेले. म्हणाले, "हाच मोसम आहे साहेब. झकास रंग काढा, डागावर प्रायमरचे दोन हात मारा, नळ तेवढे चकचकीत बसवा, बाकी कोणी बघत नाही." रंगारीही तेच म्हणाला. बायकोचं म्हणणं, डाग आहे तसा राहू दे, आधी पाणी कुठून येतंय ते शोध.

हाताशी पैसे बेताचेच आहेत. आधी कुठे घालू? आणि विकायचंच झालं तर कशाचे वसूल होतात?

तिरसटराव
बायकोचं ऐका. धागा बंद करा. :)

खिडकीपाशी
तिरसटरावांशी पहिल्यांदाच सहमत!
ओसरी, आम्ही तुमच्या दलालांच्या सल्ल्याचं दुसरं टोक आहोत. असंच 'प्रायमरचे दोन हात' मारलेलं घर आम्ही विकत घेतलं. बघायला गेलो तेव्हा एकाच खोलीत ताज्या रंगाचा वास होता. सगळं घर जुन्या रंगाचं आणि एक खोली नवीकोरी, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. पण उजेड छान होता, खिडकीतून झाड दिसत होतं, आणि आम्ही भुललो.

राहायला आल्यावर पहिल्याच मोठ्या पावसात छताला रंगाचा फुगा आला. लिंबाएवढा. दोन दिवसांत नारळाएवढा. मी स्टुलावर चढून बोटाने हलकेच दाबला तर आत पाणी हिंदकळलं. तो फुटला तेव्हा खाली मुलीच्या वह्या होत्या. पाणी आधीपासून येतच होतं, रंगाच्या पापुद्र्याने फक्त काही महिने झाकून ठेवलं.

त्यानंतर बहिणीसाठी घरं बघत फिरले तेव्हा मी काय करायचे सांगते. भिंतीतली कपाटं उघडून आत नाक घालायचं, ओलीचा वास बंद कपाटात लपत नाही. मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा प्रकाश पाडायचा, पोपडे आणि लिंपलेल्या भेगा सावलीसकट उठून दिसतात. आणि ज्या खोलीला नुकताच रंग दिलाय तिथे सगळ्यात जास्त वेळ उभं राहायचं. एका घरात मालकांनी ओशाळून स्वतःच सांगून टाकलं. :)

पाणसळ
ओसरी, माझी उभी हयात साइटवर गेली, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे. माफी असावी.

पहिली गोष्ट: डाग दिसतो तिथून पाणी *बाहेर* पडतं. आत कुठून शिरतं ते निराळंच असतं. गच्चीवरच्या कोब्यातून एखाद्या जागी पाणी उतरलं की ते स्लॅबवरून ढाळाच्या दिशेने सरपटत जातं. बारीक भेग किंवा पंख्याच्या हुकाची जागा मिळाली की तिथे टपकतं. मी शिरण्याच्या जागेपासून पाच-पाच मीटरवर डाग पडलेले पाहिलेत. लोक डागाच्या बरोबर वरचा कोबा फोडून नवा करतात आणि पुढच्या पावसात डाग परत हजर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दुसरं, डाग ओलीचाच आहे ना आणि ओल आतून येते की हवेतून, हे आधी पाहा. स्वयंपाकघरातला अॅल्युमिनिअम फॉइलचा फूटभर चौकोन डागावर ताणून लावा आणि चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करा. दोन दिवसांनी सोडवा. खोलीच्या बाजूला दव जमलं असेल तर घरातली दमट हवा थंड पृष्ठभागावर निवतेय, म्हणजे हवा खेळती ठेवा, गच्ची फोडू नका. भिंतीच्या बाजूने ओलं असेल तर पाणी आतूनच येतंय.

मग नळ. घरातले सगळे नळ रात्री बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी उठल्याबरोबर पुन्हा पाहा. कोणी पाणी वापरलेलं नसताना आकडा हलला असेल तर कुठेतरी गळती आहे. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका, अर्धा तास फ्लश ओढू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला वायसर गेलाय. हसू नका, सेकंदाला एक थेंब ठिबकणारा नळ वर्षाकाठी दहा-अकरा हजार लिटर पाणी घालवतो.

एवढं झाल्यावर गच्ची. तिचे चार भाग करा. मध्ये चिखलाचा किंवा पातळ मॉर्टरचा बांध घाला, पाणी वाहून जायची भोकं बोळा घालून बंद करा आणि एकेका भागात दोन इंच पाणी ४८ तास साठवा. सगळी गच्ची एकदम भरू नका, नाहीतर गळतं एवढंच कळेल, कुठून ते कळणार नाही. बाजूला एक घमेलं तेवढंच पाणी भरून ठेवा. उन्हाने घमेल्यातलं जेवढं आटलं तेवढंच गच्चीवरचं आटलं तर तो भाग ठीक. जास्त गेलं तर मुरलं. यात सावधगिरी एकच: दोन इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला पन्नास किलो वजन. स्लॅबच्या खालून सळया दिसत असतील, सिमेंटच्या खपल्या पडत असतील तर हा प्रयोग अजिबात करू नका, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

बाकी यादीबद्दल नंतर लिहितो, बोटं दुखली.

दारचा_पाहुणा
पाणसळकाका, वाचनखूण साठवली. एक शंका: गच्चीवरच्या भेगा मी दरवर्षी सिमेंटने भरतो, दरवर्षी तिथेच उघडतात. माल खराब मिळतो का?

पाणसळ
मालाला दोष देऊ नका. दहा मीटर लांब स्लॅब तापमानात तीस अंशांचा फरक पडला की साधारण तीन मिलिमीटर लांब-आखूड होतो. भेग रोज उघडमीट करते आणि तुम्ही तिच्यात दगड भरताय. तिथे ताणलं जाणारं सीलंट हवं, तेही भेग थोडी रुंद खोदून, धूळ ब्रशने झाडून, कोरडी असताना. म्हणून तर हे काम आत्ता करायचं. ओल्या भेगेत काहीही भरलं तरी ते धरत नाही.

बर्फाळ
आमच्याकडे उलटी गंमत. वसंत म्हणजे बर्फाने वर्षभर काय काय फोडलंय याचा हिशेब. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. शरदात विटेच्या भेगेत शिरलेलं थेंबभर पाणी हिवाळ्यात डझनावारी वेळा गोठतं-वितळतं आणि वसंतात विटेचा चेहराच सुटून हातात येतो.

माझा पहिला रविवार पन्हळींसाठी. कुजक्या पानांचा लगदा काढायचा, मग बागेच्या नळीने पाणी सोडून ते कुठून बाहेर येतंय ते खाली उभं राहून बघायचं. पन्हळीचं पाणी पायाशीच पडत असेल तर छप्पर कितीही चांगलं असो, उपयोग नाही. घराभोवतीची जमीन घरापासून *बाहेर* उतरती हवी, पहिल्या तीन मीटरला पंधरा सेंटिमीटर तरी. आमच्याकडे फुलझाडांच्या हौसेने भिंतीला लागून माती चढवत चढवत ढाळ उलटा झाला होता. तळघरात ओल का येते म्हणून दोन वर्षं डोकं फोडलं, शेवटी फावड्याने काम झालं.

(शिडी लावताना: चार हात उंचीला एक हात पाया पुढे. आणि खाली कोणीतरी असू द्या. हे मी प्लास्टर घातलेल्या पायाने लिहितोय, त्यामुळे कारण विचारू नका.)

ओसरी
बापरे, काळजी घ्या!
पाणसळकाका, फॉइल लावलंय. आकडेमोड या आयडीला हाक मारतोय, बाजाराबद्दल त्यांनी लिहावं. दलाल रोज फोन करतायत.

आकडेमोड
आलो. आधी 'मोसम' प्रकरण.

दलाल थापा मारत नाहीयेत. वसंत-उन्हाळ्यात जास्त घरं विकली जातात आणि भावही चढे असतात, हे ब्रिटन आणि अमेरिकेच्या आकड्यांवरून न्गाई आणि तेनरेरो या दोघी अर्थतज्ज्ञांनी २०१४ साली नीट मांडलंय. त्यांचं स्पष्टीकरण मला आवडतं. बाजारात घरं जास्त असली की घेणाऱ्याला *आपल्याला हवं तसं* घर सापडायची शक्यता वाढते, आणि मनासारखं सापडलं की माणूस चार पैसे जास्त मोजतो. म्हणून विकणारेही त्याच मोसमाला येतात, आणि गर्दी गर्दीला ओढते. पण हे त्या देशांतलं. तुमच्या गावचा मोसम शाळांच्या सुट्ट्या, पाऊस, बदल्या यांवर ठरतो. शिवाय मोसमाचा फायदा उचलून त्याच मोसमात दुसरं घर घेणार असाल तर एका हाताने मिळवाल, दुसऱ्याने द्याल.

आता दलालांची घाई. शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास लेविट आणि सिव्हरसन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात काही हजार घरं दलालांची स्वतःची होती. ती विकताना दलाल सरासरी साडेनऊ दिवस जास्त थांबले आणि ३.७ टक्के जास्त भाव घेऊन गेले. यात लबाडी म्हणण्यासारखं काही नाही. तुमच्या घराला थोडा जास्त भाव आला तर त्यातला दलालीचा वाटा किरकोळ, आणि आणखी पंधरवडा घर दाखवत फिरण्याची दगदग मात्र सगळी त्यांची. 'आत्ताच काढा' हा सल्ला ऐकताना एवढं डोक्यात असू द्या.

तिरसटराव
सगळं ठीक, पण शेजारच्या घराला मिळाला तो भाव आपल्याला मिळणारच. आपलं घर त्याहून चांगलं असतं. नेहमीच.

आकडेमोड
हा हा. हे तुम्ही उपरोधाने लिहिलंत असं धरून चालतो.

ओसरी, शेजारच्यांनी *सांगितलेला* भाव सोडून द्या. नोंदणी झालेले, गेल्या सहा महिन्यांतले, तुमच्याएवढ्याच घरांचे तीन-चार व्यवहार काढा. जाहिरातीतला आकडा म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. दुसरं म्हणजे आपल्या भागात आज किती घरं विक्रीला आहेत आणि महिन्याला किती विकली जातात ते मोजा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर सहाच्या आसपास आलं तर बाजार समतोल, दोन-तीन आलं तर विकणाऱ्याचा, दहा-बारा आलं तर घेणाऱ्याचा, असा ढोबळ आडाखा आहे. कुठली पाटी तीन महिने लटकलीये आणि कुठली उतरून नव्या भावाने परत लागलीये हे संध्याकाळी फिरायला जाताना नुसतं बघत गेलात तरी पुष्कळ कळतं. बाजार थंडावतो तेव्हा भाव पडायच्या आधी व्यवहार आटतात. कारण माणूस स्वतःचा आकडा सोडत नाही, नुसता थांबून राहतो.

त्याचाही अभ्यास आहे. बोस्टनमधले फ्लॅट, १९९० चं दशक. जेनसोव्ह आणि मेयर यांना २००१ मध्ये दिसलं की ज्यांनी तेजीत महाग घेतलं होतं ते तशाच शेजारच्या फ्लॅटपेक्षा चढा भाव लावतात आणि ताटकळत बसतात. आपण काय भावाने घेतलं याच्याशी समोरच्याला काही देणं-घेणं नसतं, पण आपल्या डोक्यातून ते जात नाही.

आणि व्याजदर. वीस वर्षांच्या कर्जावर दर आठाचा नऊ टक्के झाला तर हप्ता साधारण साडेसात टक्क्यांनी वाढतो. म्हणजे तेवढाच हप्ता परवडणाऱ्या माणसाची ऐपत सात टक्क्यांनी खाली येते. तुम्ही नळ कितीही चकचकीत बसवा, ही सात टक्के खेच ते नळ भरून काढत नाहीत.

निळीशाई
मग डागडुजी करायचीच नाही का? 'घराच्या किमतीच्या एक टक्का दरवर्षी देखभालीला ठेवा' असा नियम वाचला होता.

पाणसळ
किमतीच्या? भर वस्तीतलं घर आणि आडवाटेचं तेवढंच घर, दोघांची किंमत जमिनीमुळे पाचपट वेगळी असेल. गळक्या पाइपला जमिनीचा भाव कळतो का? घराचं वय, छपराचं क्षेत्रफळ, पाण्याच्या जागा किती, यावर खर्च ठरतो. पहिली दहा वर्षं जवळजवळ काही नाही आणि पंधराव्या-विसाव्या वर्षी सगळं एकदम. ओसरींचं घर बरोबर त्या वळणावर आहे.

आकडेमोड
मान्य. तो नियम पैसे बाजूला ठेवायची सवय लागावी म्हणून ठीक, अंदाजपत्रक म्हणून नाही.

पण निळीशाई, माझं म्हणणं 'डागडुजी नको' असं नाहीये. खिडकीपाशी ताईंनी लिहिलंय ना, तिथेच खरी मेख आहे. १९७० साली अर्थतज्ज्ञ अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन दाखवलं होतं (पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं): विकणाऱ्याला माल ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, तर घेणारा सगळ्याच मालाला वाईट समजून भाव पाडतो. छतावरचा डाग दुरुस्त करायला समजा एक पैसा लागतो. बघायला आलेल्याला ते माहीत नसतं. त्याच्या डोळ्यांपुढे गच्ची, सळया, बुरशी, सगळं येतं. तो पाच पैसे कापतो किंवा आल्या पावली जातो. आणि ताजा रंग दिसला तर दहा कापतो, कारण आता तुम्ही लपवताय अशी शंका.

म्हणून शोधण्यावर खर्च करा. पाणी कुठून आलं, काय केलं, पुन्हा आलं का, याचा पुरावा हातात असेल तर तो चार पैशांची कपात वाचवतो. न्हाणीघर नव्याने करण्याचा खर्च क्वचितच पुरा वसूल होतो, कारण तुमच्या आवडीच्या फरश्या पुढच्याच्या आवडीच्या असतीलच असं नाही.

निळीशाई
पटलं. मग माझी पद्धत सांगते. आमच्या घराची एक फाइल आहे. प्लंबरने भिंत फोडली की बुजवायच्या आधी फोटो, फोटोत भिंतीला मोजपट्टी टेकवलेली. म्हणजे पुढे खिळा मारताना पाइप कुठून गेलाय ते कळतं. वॉटरप्रूफिंगची पावती, रंगाच्या डब्यावरचा शेड नंबर, गीझर बसवल्याची तारीख. विकताना कोणाला दाखवायला म्हणून केली नव्हती, माझ्याच विसरभोळेपणासाठी केली.

पाणसळ
उरलेली यादी.

*तिरकी भेग:* खिडकीचा कोपरा ही भिंतीची कमकुवत जागा, तिथे ताण गोळा होतो, त्यामुळे गिलाव्याची केसभर भेग पुष्कळ घरांत असते. ती मोठी होतेय का हे महत्त्वाचं. दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारा, तारीख घाला. भेगेच्या दोन बाजूंना दोन फुल्या काढून त्यांतलं अंतर मोजून लिहा. सहा महिन्यांनी पाहा. टोक रेघ ओलांडून पुढे गेलं, किंवा भेग पाच मिलिमीटरच्या वर रुंद आहे, किंवा विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी पायऱ्या-पायऱ्यांनी चाललीये, तर गवंड्याला नव्हे, इंजिनिअरला बोलवा.

*बद्द वाजणाऱ्या फरश्या:* खाली पोकळी आहे. आजूबाजूचं भरण शाबूत असेल तर घाई नाही. सांधे मोकळे झाले असतील तर पाणी त्या पोकळीत साठतं आणि खालच्यांच्या छताला डाग पाडतं. तुमच्या खालीही तुम्हीच आहात, पण तरी भरण करून घ्या.

*चौकट:* स्क्रूड्रायव्हरचं टोक खालच्या भागात टोचा. लाकूड दाबून आत गेलं तर कुजलंय. शेजारी भिंतीवर बोटाएवढी मातीची नळी चढलेली दिसली तर वाळवी. ती नळी नुसती झाडून टाकू नका, आधी फोटो काढा आणि वाळवीवाल्याला दाखवा. आणि हो, ओल्या दिवसांत घट्ट होणारं दार तेव्हाच रंधून घेऊ नका. लाकूड पाण्याने फुगतं. आत्ता कोरड्या हवेत बघा, निम्मी दारं आपोआप सुटी झालेली असतात.

*रंग:* सगळ्यात शेवटी. नवा गिलावा केला तर महिनाभर तरी वाळू द्या. भिंत ओली असताना बाहेरून घट्ट रंगाचा थर दिलात तर ओल आत कोंडते आणि पोपडे धरूनच बाहेर येते.

विजेच्या बोर्डावर चाचणीचं बटण असलेला ट्रिपर (वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा खटका) असेल तर तेही दाबून पाहा. दाबल्यावर वीज गेली पाहिजे. नाही गेली तर बाकी सगळं ठेवा आणि आधी वायरमनला बोलवा.

दारचा_पाहुणा
बटण दाबलं. वीज गेली. घरच्यांचं काम अर्धवट गेलं. शिव्या खाल्ल्या. धन्यवाद.

ओसरी
धागा वर काढतोय. अद्ययावत हाल:

फॉइल भिंतीच्या बाजूने ओलं निघालं. मीटरचा आकडा रात्रभर हलला नाही. मग गच्ची. मी आणि मुलीने चार भाग केले. पहिल्या भागात (डागाच्या बरोबर वर) दोन दिवस पाणी ठेवलं. खाली ठणठणीत कोरडं. घमेलं आणि गच्ची, दोन्हीतलं पाणी पट्टीवर सारखंच उतरलं. दुसरा भाग, तेच. तिसरा, तेच. एव्हाना आठवडा गेला होता आणि दलाल म्हणत होते, 'साहेब, तुम्ही तळं बांधताय का?'

चौथा भाग डागापासून सगळ्यात लांबचा, कठड्याच्या कोपऱ्यात. तिथे पाणी भरून मी खाली आलो, अंघोळीला गेलो आणि मुलीची हाक आली, 'बाबा, डाग काळा पडतोय!' तास-दीड तासात.

पाणी आटवून कोपऱ्यात गुडघे टेकून बघितलं. कोब्यात चार गंजके ठिपके, चौकोनाच्या चार कोपऱ्यांसारखे. पाच मिनिटं कळेना. मग कळलं. पूर्वी तिथे डिश अँटेनाचं लोखंडी स्टँड होतं. काढताना बोल्ट निघेनात म्हणून मीच समोर उभं राहून वरून कापून घेतले होते आणि त्यावर सिमेंटचा हात फिरवला होता. चार बोल्ट थेट वॉटरप्रूफिंगच्या आरपार. डाग तिथून साडेतीन मीटरवर.

बायको काही बोलली नाही. नुसती बघितली.

पाणसळ
शाब्बास! मुलीला विशेष. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. तुमच्या बोल्टांनी भोवतालचा कोबा आतून फोडला असणार. बोल्ट मुळापासून काढा, वरून लिंपू नका. भोक साफ करून न आकसणाऱ्या ग्राउटने (भोकं भरायच्या सिमेंटच्या मसाल्याने) भरा, वर वॉटरप्रूफिंगच्या पडद्याचा (मेम्ब्रेनचा) तुकडा चारही बाजूंनी वीतभर पसरवून चिकटवा. ढाळ मोडू देऊ नका. मग पुन्हा पाणी.

आणि डाग रंगवू नका! डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ काढा, तारीख घाला. पुढच्या पावसात रेघेबाहेर गेला नाही की मग काय तो रंग.

तिरसटराव
आणि घर बघायला येणाऱ्यांनी पेन्सिलीची रेघ बघितली की?

खिडकीपाशी
मी तर अशी रेघ बघितली असती तर त्या घरात जरा वेळ बसले असते.

ओसरी
शेवटचं अपडेट देतो, मग धागा तुमच्या हवाली.

बोल्ट काढले. एक तर बोटाने फिरला, इतका आतून खाल्ला होता. ग्राउट, पडदा, वर कोबा. आठवडाभराने पुन्हा चौथ्या भागात ४८ तास पाणी. खाली कोरडं. खर्च रंगाऱ्याने सबंध खोलीसाठी सांगितलेल्या आकड्याच्या पावपटीत झाला. मागच्या चौकटीचा खालचा हातभर भाग सुताराने कापून नवा जोडून दिला, वाळवी नव्हती, नुसतं पावसाचं पाणी उडून कुजलं होतं. फरश्यांचं भरण केलं. भेगेला रेघा मारल्यात. निळीशाई, फाइल केलीये, बोल्टांचे फोटो पहिल्या पानावर.

दलालांना डागाभोवतीची रेघ आवडली नाही. 'ही तेवढी पुसा हो', दोनदा म्हणाले. मी पुसली नाही. मधे दोन जोरदार सरी येऊन गेल्या, डाग रेघेच्या आत.

परवा एक जोडपं आलं होतं, सोबत त्यांची आई. आईंनी छताकडे बोट दाखवून विचारलं, ही रेघ कसली? मी फाइल दिली. त्या सोफ्यावर बसून पानं उलटत राहिल्या, मुलगा-सून घर बघत फिरले. काल ते आपला इंजिनिअर घेऊन परत आले. तो गच्चीवर गेला, कोपऱ्यात टाचेने ठोकून बघितलं, खाली आला. आकडेमोड यांनी सांगितल्याप्रमाणे नोंदणीचे चार व्यवहार मी काढून ठेवले होते. आता भावावर घासाघीस चालू आहे. डागाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही.

आकडेमोड
घाई करू नका. दलालांना साडेनऊ दिवस आठवून द्या. :)

बर्फाळ
अभिनंदन! प्लास्टर निघालं, पन्हळ राहिली आहे.

तिरसटराव
धागा वाचून गच्चीवर जाऊन आलो. आमच्याकडेही जुन्या स्टँडची जागा आहे.
सहा बोल्ट.
पाणसळकाका, तो पडद्याचा तुकडा वीतभर म्हणजे नक्की किती?